चित्रातला फेरफार

डॉक्टरांनी माझ्या दंडात सुई खुपसली आणि त्याच क्षणी आमचे घरमालक वहाणांसकट त्यांच्या टेबलावर चढले. एका हातात टर्पेंटाइनची बाटली, दुसऱ्या हातात चिंधी, दातांत आडवा धरलेला ब्रश. डॉक्टर आ वासून वर बघत राहिले आणि सुई माझ्या दंडातच राहिली. तो दंड सुजून दुधी भोपळ्याएवढा झाला. अजूनही कुठल्याही शर्टाची डावी बाही मला घट्ट होते.

"चालू द्या, चालू द्या," दातांतला ब्रश काढून मालक म्हणाले. "तुमचं काम तुमी करा, माजं मी करतो. बूथ गेला ना परवा. काढायला नको?"

डॉक्टरांच्या खुर्चीमागे पलंगाएवढं रुंद असं आमच्या नाक्याचं तैलचित्र होतं. मालकांनीच रंगवून दवाखान्याला भेट दिलेलं. त्यात कोपऱ्यावर एक पिवळा टेलिफोन बूथ होता. लोकांच्या हातात मोबाइल आले, बूथवर माश्याही बसेनात, तेव्हा बूथवाल्याने तो हातगाडीवर घालून नेला होता. नाक्यावरून बूथ गेला तरी चित्रात तो उभाच, हे काही मालकांना सहन झालं नाही. त्यांनी तो सुरीने खरवडला, चिंधीने पुसला आणि त्याच्या जागी नाक्यावर आता जे होतं ते काढलं, म्हणजे एक फुटका चौथरा आणि त्यावर झोपलेलं कुत्रं. सगळे पेशंट खोकायचे थांबले होते. त्या टर्पेंटाइनच्या वासाने एका म्हातारीचा दमा कायमचा गेला, असं कंपाउंडर पुढे कित्येक वर्षं सांगत असे. मी स्वतः त्या म्हातारीला नंतर पळताना पाहिलंय.

भिवंडीत कामतघरला ज्या चाळीत आम्ही राहायचो, तिचे हे मालक. मूळची भातशेती. शहराभोवती गोदामं उठायला लागली तशी त्यांची शेतं एकामागून एक पत्र्याखाली गेली आणि ऐन पन्नाशीत माणूस एकदम रिकामा झाला. त्यांच्या भाऊबंदांनी गाड्या घेतल्या, गेटवर सिंह बसवले. आमचे मालक मुंबईला गेले आणि टेम्पो भरून कॅनव्हास आणि ऑइल कलर घेऊन आले. गळ्यात सोन्याची साखळी, गाय बांधता येईल इतकी जाड, तिच्या कड्यांमध्ये निळा रंग वाळलेला. मिशी एका बाजूला पांढरी आणि दुसऱ्या बाजूला, त्या दिवशी जे झाड चालू असेल त्या हिरव्या रंगाची.

घरात तेलाचे डबे इतके झाले की मालकीणबाईंनी एकदा चुकून रंगात घालायच्या जवसाच्या तेलात बोंबील तळले. मालकांनी निमूटपणे आठ-दहा खाल्ले आणि म्हणाले, "चव बरी हाय. पन वाळायला येल लागंल."

त्यांच्या घराच्या तळमजल्यावर पॉवरलूम. शिफ्ट चालू झाली की वरचं सगळं घर थरथरायचं, भांडी फळीवर चालत पुढे यायची. त्या थरथरीत त्यांचा ब्रश चालायचा, म्हणून त्यांच्या चित्रांतल्या पिंपळाला आपोआप सळसळ असायची. लाइट गेली, लूम थांबले, की ते ब्रश खाली ठेवत. "सरल रेगा यायला लागल्या," असं म्हणून तोंड पाडून बसत.

रस्त्यावर उभं राहून चित्र काढणं त्यांना मान्य नव्हतं. एकदाच त्यांनी चित्र ठेवायचं तिकाटणं घेऊन नाक्यावर बसायचा प्रयत्न केला होता. सुताचा एक टेम्पो ते तिकाटणं, अर्धं चित्र आणि त्यांची डावी वहाण घेऊन कल्याणपर्यंत गेला. तेव्हापासून ते फोटोवरून काढू लागले. फोटो काढायचं काम आमच्या नाक्यावरच्या स्टुडिओवाल्याचं. तो लग्नं सोडली तर कशाकडेही नीट बघत नसे. चालत्या स्कूटरवरून तो रस्त्याचे फोटो काढायचा आणि मालक त्यात जे असेल ते, जसं असेल तसं, उतरवायचे. खालच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेले तारखेचे नारिंगी आकडेसुद्धा. फोटोत हललेला माणूस चित्रातही हललेला. "त्याला पाय का नाहीत?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बाला, फोटोत न्हायत. मी कुटून आनू?"

एका फोटोत स्टुडिओवाल्याचा अंगठा भिंगासमोर आला होता. मालकांनी तो अंगठा पण रंगवला, कोपऱ्यात मोठा, गुलाबी, गुळगुळीत. ते चित्र एका नगरसेवकाच्या कचेरीत लागलं. तिथे येणारे लोक विचारायचे, हा कुठला डोंगर. नगरसेवक बेधडक सांगायचा, माहुलीचा, संध्याकाळच्या उन्हातला. एक शाळा तर त्या चित्राचा पत्ता धरून सहलीला गेली म्हणतात.

चित्र पुरं झालं की मालक फोटो अंघोळीच्या बंबात घालून जाळून टाकायचे. मला पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी ओरडलोच. त्यांनी शांतपणे बंबाचं झाकण लावलं.

"एका जमिनीचे दोन कागद ठेवले का भानगड व्हते," म्हणाले.

इथेच त्यांच्या सगळ्या वेडाचं मूळ होतं. तैलचित्र म्हणजे त्यांना सातबारा वाटायचा. जागेवर काय आहे, कोण आहे, याची नोंद. आणि जागेवर बदल झाला की जसा सातबाऱ्यावर फेरफार घालतात, जुनं नाव कमी करून नवं लावतात, तसा चित्रावरही घातलाच पाहिजे. म्हणून चित्र भेट देताना ते एकच अट घालायचे. मला वाटंल तेवा मी घरात येनार. अर्धं कामतघर त्यांच्या खोल्यांमधून राहत होतं, नाही कोण म्हणणार? लोकांच्या बारशात, साखरपुड्यात, एकदा तर एका नवरानवरीच्या बंद खोलीत, हा माणूस टर्पेंटाइन घेऊन हजर झालेला आहे. त्या खोलीतल्या चित्रातला विजेचा खांब नाक्यावर वाकला होता.

शिंपीमास्तरांच्या दुकानातल्या चित्रात त्यांनी नाक्यावरच्या नव्या पुलाचे खांब एकेक करून चढवले. पुलाचं काम बंद पडलं, तसं चित्रातलंही पडलं. मास्तर उत्तर प्रदेशातले, बिचारे रोज त्या अर्धवट पुलाखाली मशीन चालवायचे.

"सेठ, ब्रिज पूरा कर दो ना. ग्राहक लोग पूछते हैं."

"पहिले सरकार करेगा," मालक म्हणाले. "मैं सरकार के आगे कैसे जाऊँ, मास्टर?"

मी एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं, चित्र थोडं जुनं राहिलं तर कोणाचं काय बिघडतं? ते पायरीवर बसले होते. हातातला ब्रश त्यांनी बाजूला ठेवला.

"टेमघरच्या अंगाला आमचं शेत व्हतं. माजा चुलता वारला. त्याचं नाव काय कमी केलं न्हाय आमी. दुःखात कोन जातो कचेरीत? राहिलं नाव. मंग दोन वर्सांनी त्याच चुलत्यानं शेत इकलं."

"वारलेल्या?"

"हाव. अंगठा दिलाय त्यानं. साक्षीदार पन हायत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मेलेला मानूस कागदावर जिता ऱ्हायला ना बाला, का जित्यांचं वाटोलं व्हतं."

खालून लूमचा खडखडाट येत राहिला.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगतोय, कारण तोवर ते दुसऱ्यांच्या भिंतींवर चालू होतं.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून होते. मालकांची उभी हयात त्या कचेरीच्या व्हरांड्यात गेलेली, त्यामुळे भाडेकरू असूनही बाबा त्यांना कायम 'भाऊसाहेब'. बाबा निवृत्त झाले तेव्हा मालकांनी आम्हाला एक चित्र दिलं. नाक्यावरचं चहाचं हॉटेल, बाहेर फळ्यांचं बाकडं, आणि बाकड्यावर बाबा. बाजूने दिसणारे, बोटभर उंचीचे. दोन्ही हातांत पेपर पसरलेला, एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. निवृत्तीनंतर रोज सकाळी ते तिथे असेच बसायचे आणि अग्रलेखातल्या चुका मोठ्याने वाचून दाखवायचे. इतक्या मोठ्याने, की गणेशपुरीच्या एसटीतले भाविक खिडकीतून हात जोडायचे, प्रवचन चालू आहे समजून.

त्याच बाबांना एका सकाळी छातीत दुखलं आणि दुपारपर्यंत ते गेले.

मालक त्या दिवशी जे रडले, तसं रडणारा पुरुष मी पाहिलेला नाही. खांदा द्यायला पहिले ते, आणि स्मशानातून त्यांना परत आणायला चार माणसं लागली.

बाबांचा सुटा असा एकही फोटो घरात नव्हता. फोटो म्हटला की ते हलायचे. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. त्यात बाबा खिसे कापताना पकडल्यासारखे दिसत होते. आई त्या फोटोला रोज हार घालायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. बघायची ती चित्राकडे. स्वयंपाकघरातला तिचा पाट तिने असा सरकवून घेतला होता की दारातून सरळ बाकडं दिसावं. त्या दिवसांत ती आमच्यापैकी कोणाशी बोलत नव्हती. भाजी निवडता निवडता मान वर करायची, तिकडे बघून हळूच काहीतरी म्हणायची आणि परत निवडायला लागायची. एवढंच तिचं बोलणं. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. उघडतो तर मालक. डोळे लाल, मिशी त्या दिवशी दोन्हीकडून पांढरी. हातात बाटली, चिंधी आणि सुरी.

मी दाराची कडी धरून आडवा उभा राहिलो.

"बाला, सरक," ते म्हणाले. "भाऊसाहेबांना कमी करायचं हाय."

"मालक, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मना काय आनंद हाय?" ते म्हणाले. "माज्या हातानं बसवलाय मी त्यांना तितं. पन ते आता बाकड्यावर न्हायत. उद्या कोन काय करंल त्यांच्या नावावर, तुला म्हाईत हाय?"

"ते चित्र आहे!"

"मंग? कागद पन कागदच असतो."

त्यांनी मला हाताने बाजूला केलं. गोदामाचं शटर उचलणारा तो हात, मी भिंतीला जाऊन लागलो. ते चित्रासमोर गेले, बाटलीचं बूच काढलं. त्या वासाबरोबर आई बाहेर आली. पदराला हात पुसत, सावकाश. मला वाटलं आता ती किंचाळेल, नाहीतर कोसळेल.

"नोटीस कुठाय?" आई म्हणाली.

तेरा-चौदा दिवसांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"कसली नोटीस, वैनी?"

"फेरफार घालायचा म्हणजे आधी ज्याचा संबंध असेल त्याला नोटीस काढतात. हे सांगायचे. मुदत असते. ऐकून घ्यायचं असतं." ती चित्र आणि मालक यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "माझा संबंध आहे की नाही?"

मालकांच्या हातातली सुरी खाली आली. "हाव. तुमचा न्हाय तर कुनाचा."

"मग माझी हरकत आहे."

मालक मटकन खुर्चीवर बसले. कचेरीच्या व्हरांड्यात तीस वर्षं बसलेला माणूस तो, हरकत म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायला नको होतं. एकाने हरकत घेतली की नोंद वादात जाते. आणि वादाचा निकाल लागेस्तोवर जे नाव आहे ते हलवता येत नाही.

"लेखी पाहिजे," ते म्हणाले.

"तोंडी आहे. या घरातलं लिहिणारं माणूस गेलं."

मालकांनी डोळे पुसले, त्याच चिंधीने. त्यामुळे पुढचा अर्धा तास ते नळाखाली होते. निघताना दारातून म्हणाले, "सुनावणी घ्यावी लागंल, वैनी. तारीक देतो."

मला वाटलं होतं संपलं. पण तारखेला ते आले. स्वच्छ धोतर, खांद्यावर उपरणं, चित्राखाली खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "बोला." आई म्हणाली, कागदपत्रं जुळवतेय, पुढची तारीख द्या. त्यांनी मान डोलावून सर्वपित्रीनंतरची दिली. त्या तारखेला आई म्हणाली, साक्षीदार गावाला गेलाय. मग म्हणाली, वकील बदलायचाय. माझी आई, जिने आयुष्यात दूधवाल्यालाही खोटं सांगितलं नव्हतं, ती हे इतकं सहज बोलत होती की मी थक्क व्हायचो. मालक एकदाही हसले नाहीत. "नियमात हाय," एवढंच म्हणायचे. तारखेच्या सकाळी आई पोहे करायला लागली. मग तारीख जवळ आली की कोथिंबीर आणायला मला पिटाळायला लागली. मग माझ्याशी बोलायलाच लागली.

असं वर्षभर चाललं असेल, आणि नाक्यावर जेसीबी आला. रस्ता रुंद करायचा म्हणून हॉटेल, पानपट्टी, बाकडं, सगळं एका दुपारीत साफ झालं.

दुसऱ्या सकाळी मालक आलेच. हातात स्टुडिओवाल्याचा ताजा फोटो, त्यात नुसता रस्ता आणि एक टेम्पो.

"वैनी, हाटेल गेलं."

"पाहिलं मी."

"बाकडं पन गेलं. त्याच्यावर तुमची काय हरकत?"

मी आईला खुणावत होतो, घे म्हणून, हॉटेलवर घे, बाकड्यावर घे, जेसीबीवर घे. "हॉटेल माझं नव्हतं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या जागेवर मी कशी हरकत घेऊ?" आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने पाट भिंतीकडे फिरवून घेतला.

मालक आमच्या बाहेरच्या खोलीत तीन दिवस काम करत होते. पहिल्यांदा पाटी गेली, मग बरण्या, मग स्टोव्ह, मग सगळा पत्रा. मी तिथून हलू शकत नव्हतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाकड्याची एकेक फळी बाबांच्या खालून सुरीने काढली. श्वास रोखून, जीभ बाहेर काढून, बाबांच्या धोतराला धक्का लागू न देता. शेवटचा पाय पुसला आणि तिथे डांबर भरलं. मी बघतच राहिलो. नव्या कोऱ्या रस्त्याच्या मधोमध, माझे वडील हवेत बसले होते. एक पाय गुडघ्यावर, पेपर उघडलेला. त्यांच्या खालून सूत गुंडाळलेल्या बीमांनी भरलेला एक टेम्पो निघाला होता.

"मालक, हे काय केलंत?" मी विचारलं.

"वादातला मानूस हाय," ते म्हणाले. "त्याला मी हात लावू शकत न्हाय. बाकी सगलं खरं हाय." मग त्यांनी आत हाक मारली. "वैनी, बगून घ्या. मानूस अधांतरी ऱ्हायलाय. हरकत मागं घेताव काय?"

आई आली. चित्रासमोर उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

"असू दे," ती म्हणाली. "पेपर हातात आला की आपण कशावर बसलोय हे त्यांना कधी कळायचंच नाही."

मालकांनी ब्रश बाटलीत बुडवला, पुसला, सुरी कमरेला खोचली. निघाले. दारापर्यंत जाऊन थांबले. वळून चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग हातातला फोटो डोळ्यांजवळ नेला, सगळीकडून तपासला, आणि खिशात टाकला. परत आले, ब्रशच्या टोकावर थोडा तपकिरी, थोडा काळा घेतला आणि बाबांच्या खाली, टेम्पोच्या टपावरून पुढे डांबरावर उतरणारी एक बसलेल्या माणसाची सावली काढली. पेपरासकट.

फोटोत ती नव्हती. कुठल्याच फोटोत असू शकत नव्हती.

"मानूस बसलाय म्हटल्यावर सावली पडनारच," आमच्याकडे न बघता ते म्हणाले. "हरकतीत धरा ती पन."

"धरली," आई म्हणाली.